‘येता आलं नाही’ आणि ‘आलो नाही’

पत्र थोडक्यात असं (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातले गृहस्थ, वय 39. 2012 पासून दुबईत. इमारतींच्या देखभालीचं काम घेणाऱ्या कंपनीत एसी टेक्निशियन म्हणून लागले, आता सुपरवायझर आहेत. आई, धाकटा भाऊ, भावजय, बायको आणि मुलगी गावी. लग्न झालेली बहीण हिंगोलीकडे. मे 2021 मध्ये वडील परभणीच्या दवाखान्यात कोरोनानं गेले. ‘मला येता आलं नाही. भावानंच सगळं केलं,’ असं ते लिहितात. तेव्हापासून तीनदा सुटीवर येऊन गेले, पण भाऊ कामापुरतं बोलतो. मागच्या दिवाळीत एका क्षुल्लक वादात तो म्हणाला, ‘तुला काय, तू तर तिकडं एसीत बसला होता.’ ते वाक्य डोक्यातून जात नाही. आता नोकरी सोडून कायमचं गावी यावं, साठवलेल्या पैशातून शेतात वडिलांच्या आठवणीचा ओटा आणि गावच्या मंदिरापुढं सभामंडप बांधावा, असं मनात आहे. बरोबर आहे का, असं विचारतात.

---

तुमचं आठ पानांचं पत्र मी तीनदा वाचलं. वरच्या सारांशात न बसलेली दोन पानं मला सगळ्यात मोलाची वाटली. तुमचे लॉकडाऊनआधीचे आणि लॉकडाऊनमधले दिवस तुम्ही त्यात तासातासानं लिहून काढले आहेत.

पहाटे साडेचारला उठायचं, कारण पाचनंतर न्हाणीसमोर रांग लागते. दुबईच्या डेरा भागातल्या जुन्या इमारतीत एका खोलीत सहा जण, तीन दुमजली पलंग. भाडं पलंगाचं, खोलीचं नव्हे. साडेपाचला कंपनीची बस. दिवसभर गच्च्यांवर, एसीच्या बाहेरच्या युनिटांची गरम हवा तोंडावर घेत. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला तिथं कायद्यानं मनाई, तेवढीच सावली. संध्याकाळी एक दिरहमचा करक चहा, मग ज्याची पाळी त्याचा स्वयंपाक. तिथले आठ वाजले की इथले साडेनऊ, तेव्हा घरी दहा मिनिटं. व्हॉट्सअॅपवरून तिथं बोलता येत नाही म्हणून घरच्यांनाही बोटीम हे अॅप घ्यायला लावलेलं. शुक्रवारी कपडे धुणं, केस कापणं आणि अब्रात, म्हणजे तिथल्या छोट्या होडीत, बसून खाडीपलीकडं बर दुबईला, मंदिराच्या गल्लीत एक चक्कर.

आणि मग 4 एप्रिल 2020 ची रात्र. दुबईत चोवीस तासांची बंदी. घराबाहेर पडायचं तर मोबाईलवर परवाना काढायचा, मेट्रो बंद. तुम्ही लिहिलंय की आधी दोघं रात्रपाळीला असायचे म्हणून ती खोली सहा जणांना पुरायची, सगळे एकदम आत आले तेव्हा कळलं की ती चौघांचीच होती. पगार निम्म्यावर आला. एकाला खोकला सुरू झाला, त्याला रुग्णवाहिका घेऊन गेली आणि उरलेले पाच चौदा दिवस दाराआड. डबे दारात ठेवून जायचे. घरी फोन करायचा तो जिन्यात जाऊन, आणि आईला तोंड दाखवायचं असेल तर खोलीतली एकच स्वच्छ भिंत बघून तिच्यापुढं बसून. ‘मागचे पलंग दिसू नयेत म्हणून,’ असं तुम्ही लिहिता.

त्या भिंतीवर काय होतं? तुमच्याच पत्रात चार ओळी खाली आहे. कॅलेंडर, आणि वर एसी.

तुमच्या भावानं दीड-दोन वर्षं तुमची दुबई पाहिली ती एवढीच. त्या चौकटीत एक हसणारा भाऊ आणि त्याच्या डोक्यावर एसी होता. दिवाळीत तो जे बोलला ते टोचणारं होतं, पण खोटं नव्हतं हो. त्याला जे दाखवलं तेच त्यानं सांगितलं. ही दोन पानं मला, एका अनोळखी बाईला, पाठवायच्या आधी त्याला कधी सांगितली होती का? पत्रात तसा कुठं उल्लेख नाही.

आता दुसरी बाजू. ती तुमच्या पत्रात नाही, कारण तुम्हालाही ती कुणी सांगितलेली नाही. त्या एप्रिल-मेमध्ये मी परभणीतच होते, म्हणून थोडं मीच सांगते. किराणा सकाळी सात ते अकरा. लोक एकमेकांना ‘कसे आहात’ विचारत नव्हते. ‘स्कोअर किती आला’ आणि ‘लेव्हल किती आहे’ एवढंच विचारत होते. छातीच्या सीटी स्कॅनचा पंचवीसपैकी स्कोअर आणि बोटावरच्या चिमट्यातली ऑक्सिजनची लेव्हल. ज्यांनी दहावीच्या मार्कांचा कधी एवढा हिशेब केला नाही, ती माणसं रात्री दोनला उठून बापाचं बोट चिमट्यात घालून बसायची. ऑक्सिजनचा बेड मिळवायला ओळखी, इंजेक्शन मिळवायला आणखी ओळखी. आणि माणूस गेलाच तर दवाखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून सरळ स्मशानात. घरचे एक-दोघं लांब उभे. अंत्यविधीला वीस माणसांची मुभा कागदावर होती, खांद्याला चार जण मिळायची मारामार होती. तुमचा भाऊ बहुतेक असाच कुठं तरी कुंपणापाशी एकटा उभा होता. अस्थी त्यानं गंगाखेडला गोदावरीत सोडल्या, एवढंच तुम्ही लिहिलं आहे. कसा गेला, कुणाच्या गाडीवर, घाटावर कोण होतं, घरी आल्यावर शेजारपाजारच्यांनी उंबऱ्याला पाय लावला का, हे तुम्हाला माहीत नाही. महिनाभरात पेरणी तोंडावर. आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी झालेली अतिवृष्टी मराठवाड्यात कोण विसरेल? काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. तेव्हा फोनवर तो तुम्हाला काय म्हणाला असेल? मी पैज लावते, ‘ठीक आहे’ म्हणाला असेल.

दोघा भावांनी एकमेकांना किती वेळा ‘ठीक आहे’ म्हटलंय, ते एकदा मोजा.

माझ्याबद्दल एक सांगते. माझी मावसबहीण त्याच महिन्यात गेली. याच शहरात, दोन गल्ल्या पलीकडं. मी गच्चीवरून तिची रुग्णवाहिका वळताना पाहिली. खाली उतरले नाही. मलाही ताप होता, हे कारण खरं आहे. पण ताप नसता तरी उतरले असते का, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून तुम्ही ज्या वाक्यापाशी अडखळलात, तिथं मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

‘मला येता आलं नाही.’

तुमच्या पत्रात हे वाक्य पाच वेळा आहे. पण भाऊ, तपशील तुम्हीच दिलेत. 24 एप्रिल 2021 च्या रात्रीपासून अमिरातीनं भारतातून येणाऱ्यांना बंदी केली होती. तिकडून इकडं येणारी विमानं चालू होती. बंद झाली होती ती परत जायची वाट. ती उघडली 5 ऑगस्टला, तीही तिकडंच लशीचे दोन डोस घेतलेल्या रहिवाशांसाठी, अटी घालून. म्हणजे मे महिन्यात तुम्ही निघाला असतात तर किती महिने अडकाल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अर्ध्या पगारावरून नुकती कुठं सावरलेली नोकरी जाण्याची भीती, आणि सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर तिथला रहिवासच धोक्यात. तुम्ही हिशेब केला आणि थांबलात. तुमच्या त्या पगारावर गावातली सहा माणसं आणि दवाखान्याचं बिल होतं.

तेव्हा खरं वाक्य असं होतं: ‘आलो असतो तर परत जाता आलं नसतं, म्हणून मी आलो नाही.’

बापाचं तोंड बघायला तुम्ही पोचला नसताच. तपासणीचा अहवाल, तिकीट, मुंबईहून रात्रभराचा प्रवास, एवढ्यात दोन दिवस गेले असते आणि त्या दिवसांत देह काही तासही ठेवत नव्हते. पण दहाव्याला पोचला असतात. आईजवळ बसला असतात. जूनच्या पेरणीला भावाबरोबर शेतात असतात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे झाकून ठेवणार नाही. पत्राच्या सहाव्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की शेजारच्या गावचा एक मुलगा दुबईहून त्याच महिन्यात आला आणि त्याची नोकरी गेली. तुम्हाला तो उदाहरण वाटला, ‘बघा, मी आलो असतो तर माझंही असंच झालं असतं.’ तुमच्या भावाला तो काय वाटला असेल? विमानं चालू होती याचा पुरावा. तुम्ही ‘येता आलं नाही’ म्हणत राहिलात आणि त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की येता येत होतं. माझ्या मते त्याचा राग न येण्याचा तेवढा नाही, जेवढा या शब्दाचा आहे. न येण्याचं कारण त्याला कदाचित पटलंही असतं. शेतकरी माणूस आहे, बियाण्यासाठी राखलेलं धान्य कितीही भूक लागली तरी खायचं नसतं, हे त्याला तुमच्या-माझ्याहून जास्त कळतं.

आईनंच ‘येऊ नको’ सांगितलं, असंही तुम्ही लिहिता. ते आईचं वाक्य 2020 चं आहे. परदेशात अडकलेल्यांना परत आणणारी ‘वंदे भारत’ची विमानं 7 मेला सुरू झाली, तुम्ही वकिलातीच्या यादीत नाव घातलं होतं. दुसऱ्याच पहाटे, 8 मेला, आपल्याकडं करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या घराकडं पायी निघालेले. ती बातमी पाहून आईनं रडत फोन केला, ‘आहेस तिथंच राहा.’ तेव्हा आपल्या खेड्यांच्या वेशीवरही बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या, पुण्याहून आलेल्या पोरालासुद्धा चौदा दिवस शाळेत झोपावं लागत होतं. तिचं म्हणणं त्या दिवसापुरतं होतं. वर्षभरानं नवरा गेल्यावर तिला काय वाटत होतं, हे विचारलंत का? विचारलं नसेल तर तिचं जुनं वाक्य पुढं करू नका.

आता तुमच्या बेताविषयी.

गावी कायमचं यायला माझी ना नाही. मराठवाड्यातून बाहेर गेलेली माणसं परत आली तर मला आनंदच आहे. पण प्रायश्चित्त म्हणून येऊ नका. प्रायश्चित्ताला आलेला माणूस सहा महिन्यांत हिशेब मागायला लागतो: मी एवढं सोडून आलो, आणि तुम्ही? शिवाय तुम्ही ‘परत येतो’ म्हणालात की भावाला कदाचित तिसराच शब्द ऐकू येत असेल. वाटणी. साडेपाच एकर तो एकटा कसतोय. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली का? आई, तुम्ही दोघं आणि बहीण, चौघांचा हक्क सारखा आहे, आणि बहिणीचं नाव ‘तिची काय हरकत असणार’ म्हणून गाळायचं नसतं. चार वर्षांत हा विषय निघालाच नसेल तर तुमचं येणं हे भावासाठी प्रेम नाही, टांगती तलवार आहे. तलाठ्याकडं अर्ज करून आधी नोंद लावून घ्या, सगळ्यांच्या नावानं, आणि जमीन कोण कसणार, कुणाला काय मिळणार हे तोंडी का होईना, पण स्पष्ट बोला. ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणणारी घरंच पुढं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

नोकरी सोडायच्या आधी एक खरीप सुटीवर या. दिवाळीत नाही. दिवाळीत तुम्ही पाहुणे असता, तुमच्यासाठी ताटाला पाट लागतो. मृगाच्या सुमाराला या, बी-बियाणाच्या दुकानातली रांग, रात्रीची लाईट, पाऊस लांबला की घरातली कुजबुज, हे सगळं दीड-दोन महिने अंगावर घ्या. बिनपगारी रजा मिळाली तरी घ्या. मग ठरवा. आणि सोडायचंच ठरलं तर ग्रॅच्युइटीचा हिशेब आधी करून घ्या. तिथं पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी 21 दिवसांचा आणि पुढच्या वर्षांना 30 दिवसांचा पगार धरतात, पण तो मूळ पगार, भत्त्यांसकट हातात पडणारा नव्हे. बऱ्याच जणांचा आकडा इथंच चुकतो, आणि गावात दुकान टाकायचा बेत त्या चुकलेल्या आकड्यावर उभा असतो.

सभामंडप मात्र नको. मला ते स्पष्टच सांगू द्या. ज्या माणसाच्या अंत्ययात्रेला गाव आलं नाही, त्याच्या नावाच्या फरशीवर गाव भजनाला बसणार आणि पाटीवर देणगीदार म्हणून तुमचं नाव. ते रोज बघायचं कुणी? भावानं.

तर मग करायचं काय? त्याला फोन करा, पण क्षमा मागायला नको. क्षमा मागितली की समोरच्याला ‘जाऊ दे’ म्हणावं लागतं, आणि विषय पुन्हा बंद. त्याला तुमचा एक दिवस सांगा. त्या चौदा दिवसांतला कोणताही. सहा पलंग, जिना, ती भिंत, एसी. कॅमेरा फिरवून खोली दाखवा, आता जिथं राहता ती तरी. मग ते खरं वाक्य एकदा सरळ म्हणा, कारणासकट. त्यावर तो काय म्हणतो ते ऐका, उत्तर देऊ नका. चिडला तर चिडू द्या. आणि मग कधी तरी, त्याच दिवशी नाही, त्याला विचारा, ‘आण्णांना दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून सांग.’ गडी एका दमात बोलणार नाही. आपल्याकडच्या पुरुषांना असं बोलायला बांध लागतो, सायंकाळ लागते, हातात काही तरी काम लागतं. म्हणूनही मी खरीप म्हणते.

अशी पत्रं मला फक्त आखातातून येत नाहीत. पुण्यात हडपसरला राहणारा मुलगा, हैदराबादला दिलेली मुलगी, जर्मनीत गेलेली नात, सगळ्यांच्या पत्रात एक रुग्णवाहिका आहे आणि ती त्यांनी पाहिलेली नाही. घरी राहिलेल्यांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर ऐका: बाहेरच्याला काळजी नको म्हणून तुम्ही ताप लपवलात, स्कोअर लपवलात. माया होती त्यात. पण ज्याला काही कळूच दिलं नाही, त्याच्यावर ‘तुला काय कळणार’ म्हणून रागावणं जरा अन्यायाचं आहे. त्या वर्षाचा एखादा दिवस तुम्हीही त्याला सांगा. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून.

एक राहिलंच. तुमच्या आठ पानांत वडील आहेत, भाऊ आहे, आई आहे, खोलीतले पाचही जण त्यांच्या गावांसकट आहेत. बायको एका ओळीत आहे: ‘बायको-मुलगी गावीच होत्या.’ सासऱ्याला ताप आला तेव्हा घरात काढा कुणी केला, चिमटा कुणी लावला, सासूला वेगळ्या खोलीत ताट कुणी सरकवलं, आणि रात्री साडेनऊला बोटीमवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं? दिराच्या सांगण्यावरून सांगितलं असेल. दोन्ही भावांचं ठीक नसलेलं जिला तेव्हाही माहीत होतं अशी घरात ती एकटीच आहे. भावाच्या आधी तिला फोन लावा.

ओट्याचं म्हणाल तर तो कुठं बांधायचा, बांधायचा की नाही, हे भावाला विचारा. शेतात आण्णा कुठल्या झाडाखाली बसायचे ते त्याला ठाऊक आहे. कदाचित त्यानं तिथं आधीच चार दगड लावून ठेवले असतील आणि तुम्ही तीन सुट्यांत त्या कडेला गेलाच नसाल.